ढोलाशेजारची कुजबूज

चेवेल्लाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत. वड संपल्यावर उजव्या हाताला एक माळ लागतो. श्रावणातल्या उघडिपीच्या एका सकाळी आम्ही तिघे तिथे उभे होतो. ड्रोन दहा मीटर वर जाऊन थांबला. 'थांबला' म्हणजे तसा त्याला हुकूम होता. क्षणभर तो स्थिर राहिला, मग डावीकडे सरकला, सावरायला गेला आणि अधिकच सरकला. बघता बघता तो मोरीच्या जाळीवर पाणी फिरतं तसा गोल फिरू लागला आणि दर फेरीला घेर वाढवत गेला.

"बघा काका, असंच करायलंय," पोरगा म्हणाला. त्याने खटका दाबून आपोआप थांबण्याची सोय बंद केली आणि हाताने सांभाळत ड्रोन गवतात उतरवला. ड्रोनवाल्यांच्या बोलीत या फिरण्याला 'टॉयलेट बोल' म्हणतात. नाव घाणेरडं आहे, पण वर्णन अचूक.

हा पोरगा माझ्या लातूरच्या मित्राचा मुलगा. हैदराबादेत इंजिनिअरिंगला आहे आणि काचीगुड्याला मावशीकडे राहतो. संपादकांनी यंदा 'गोंगाट' हा विषय दिला, तेव्हा डीजे, भोंगे आणि वाहिन्यांवरच्या चर्चा यांवर बाकीचे लिहितील हे उघड होतं. त्याच आठवड्यात याचा फोन आला होता, "काका, ड्रोनमध्ये लई नॉइज आहे." मला वाटलं, पंख्यांचा आवाज. तो म्हणाला, "तसला नाही, ऐकू न येणारा." मी तिकीट काढलं.

एकावर सोळा शून्यं

पाठ्यपुस्तकात या ऐकू न येणाऱ्या गोंगाटाला व्यतिकरण म्हणतात. हा शब्द वर्गाबाहेर कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. आमच्या पिढीला गोष्ट मात्र शब्दाविनाच ठाऊक होती. आईने मिक्सर लावला की रेडिओवर खरखर यायची. हैदराबादच्याच ईसीआयएलने बनवलेला कृष्णधवल ईसी टीव्ही ज्यांच्या घरी होता, त्यांना दारावरून स्कूटर गेल्यावर पडद्यावर सरकणाऱ्या रेघाही आठवतील. मिक्सरच्या ब्रशखाली आणि स्कूटरच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. ठिणगी पडली की रेडिओलहरी निघतात आणि शेजारच्या यंत्राच्या कानात शिरतात.

ड्रोनमध्ये हा मिक्सर, ही स्कूटर आणि तो रेडिओ एका वीतभर चौकटीत कोंबलेले असतात. चार मोटारी, त्यांना सेकंदाला हजारो वेळा वीज तोडून-जोडून देणारे चार वेगनियंत्रक, बॅटरीचे चौदा-पंधरा व्होल्ट पाचावर आणणारा कन्व्हर्टर, कॅमेरा आणि चित्र पाठवणारा ट्रान्समीटर, हे सगळे बोलके. त्यांच्यात बसून ऐकायचं काम करणारे तिघे: रिमोटचा रिसीव्हर, होकायंत्र आणि जीपीएस.

जीपीएसची अवस्था सगळ्यांत बिकट असते. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर निघालेला संदेश माळावर पोचेपर्यंत किती उरतो? एका वॉटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला जेमतेम एक. रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णतेतून निघणारी सळसळही याहून मोठी असते. तरी तो संदेश सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाची १०२३ ठोक्यांची ठरलेली लय दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होते आणि रिसीव्हरला ती पाठ असते. जत्रेच्या कल्लोळात आईला आपल्याच पोराचं रडणं ओळखू येतं, तसं. पण पोराच्या शेजारी कुणी ढोल बडवायला बसला, तर आईचाही इलाज चालत नाही. पोराच्या ड्रोनवर हा ढोल जीपीएसपासून चार बोटांवर बांधलेला होता.

गुजराती गल्लीत

कोठीची गुजराती गल्ली म्हणजे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरी. सुलतान बाजारातून चालत पाच मिनिटं. या पट्ट्यात मराठी अजून कानावर पडतं: विवेकवर्धिनीच्या भोवतालची, बडी चावडीची, काचीगुड्याची घरं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे लातूर-नांदेडच्या पोरांना हे शहर पुण्याहून जवळचं वाटतं. निदान बोलीने. इथल्या दखनीतलं 'नक्को' आपलंच आहे.

दुकानं खोलीभर नव्हे, कपाटभर रुंद. छतापर्यंत प्लास्टिकचे खण, त्यांत रेझिस्टर, कपॅसिटर, वायरींची वेटोळी. पोरगा नवीन जीपीएस मॉड्यूल बघत होता, अडीच हजारांचं. मावशीकडून तेवढे पैसे मागून आणले होते. त्याचा हिशेब सरळ होता: जीपीएस नीट ऐकत नाही, तर चांगल्या कानाचा जीपीएस घ्यावा.

"दो दिन से आके देखरे," दुकानदार म्हणाला, "लेना क्या है बोलो ना."

"आज नक्को," आमच्याबरोबरचे अण्णा म्हणाले. त्यांनी फेराइटची दोन कडी, नायलॉनचे बारीक स्क्रू आणि हातभर तांब्याची चिकटपट्टी एवढंच घेतलं. बिल तीनशे दहा रुपये.

अण्णा मावशीच्या शेजारचे. वय सत्तरीपुढे, एका सरकारी कारखान्यात चाळीस वर्षं चाचणी विभागात काढलेली, हौशी रेडिओचा परवाना खिशात. मराठी घरात अण्णा म्हणजे मोठा भाऊ आणि तेलुगूतही तेच, म्हणून गल्लीतले सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. हौशी रेडिओ या शहरात तसा रुजलेला आहे. हौशी रेडिओवाल्यांची राष्ट्रीय संस्था सोमाजीगुड्याला आहे. अण्णांचा एक ठाम सिद्धान्त आहे, तो त्यांनी मला गल्लीतच ऐकवला: "गडबड विकत घेऊन जात नसते. आधी वस्तू हलवायची, मग वायर पिळायची, मग झाकायचं. खरेदी शेवटी." आठवडाभर मी पाहिलं ते एवढंच होतं, आणि माझं मतही आता तेच आहे. या छंदात पैसा जास्त जातो तो या क्रमाची उलटापालट केल्याने.

उलटे पंखे

गोल फिरण्याचा दोष जीपीएसचा नव्हता, होकायंत्राचा होता. जीपीएसच्या गोल डबीतच होकायंत्राची चिप बसवलेली असते, म्हणून दोघांची गल्लत होते. आपण कुठे आहोत हे जीपीएस सांगतो, आपलं तोंड कुठे आहे हे होकायंत्र. तोंडच चुकीचं कळलं, तर उत्तरेला सरकायचं ठरवलेला ड्रोन ईशान्येला जातो, चूक दिसली की दुरुस्त करायला पूर्वेला, मग आग्नेयेला. त्याचीच ती फुगडी.

होकायंत्र का चुकतं? हिशेब अकरावीचा आहे. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हा ड्रोन तरंगत राहायला साधारण पंधरा अँपिअर घेतो. एकट्या तारेतून पंधरा अँपिअर गेले, तर तीन सेंटिमीटरवर १०० मायक्रोटेस्ला एवढं क्षेत्र भरतं. हैदराबादेत पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र चाळीसच्या आसपास. म्हणजे बॅटरीच्या तारेला खेटून बसलेल्या होकायंत्राला पृथ्वीपेक्षा ती तार मोठी. आणि हा आकडा स्थिर नाही. वारा आला, मोटारींनी जोर केला की तो बदलतो. जमिनीवर ड्रोन हातात धरून कितीही वेळा होकायंत्र जुळवलं, तरी मोटारी बंद असतात तोवर सगळं छान दिसतं. हीच तर मेख.

म्हणून परीक्षा मोटारी चालवूनच घ्यावी लागते. दुपारी मावशीच्या गच्चीवर ती पाहिली. पोराने चारही पंखे काढले, पालथे केले आणि प्रत्येक पंखा शेजारच्या मोटारीवर चढवला. आता जोर वर न लागता खाली लागतो, ड्रोन जमिनीला दाबून बसतो. तरी वरून चिकटपट्टीने फरशीला बांधला. लॅपटॉपवर मिशन प्लॅनर उघडून 'कंपासमॉट' नावाची चाचणी सुरू केली आणि थ्रॉटल हळूहळू वर नेला. वाळत घातलेल्या साड्या तारेवर उडाल्या, मावशी जिन्यातूनच ओरडल्या. पडद्यावर विजेची रेघ चढली आणि तिच्या पाठोपाठ चुंबकीय गडबडीची रेघही तशीच चढली, जुळ्या बहिणींसारखी.

निकाल टक्क्यांत येतो. तीसच्या आत असेल तर निर्धास्त उडवा, साठपर्यंत चालढकल, साठच्या वर उडवू नका. आमचा आला ७१.

"पास झालो म्हणायचं का?" पोराने विचारलं. अण्णा हसले नाहीत.

ट्राम आली, चुंबकं निघाली

हे पाहताना मला अलिबाग आठवलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं घेतली जात. विसाव्या शतकाच्या तोंडाशी शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या रुळांतून वाहणारी वीज वेधशाळेची मापं नासवणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं. त्यांनी चुंबकांना काचेची पेटी केली नाही, की ट्रामवाल्यांशी भांडत बसले नाहीत. खाडीपलीकडे अलिबागला जागा शोधली, लोखंड टाळून पोरबंदरी दगडाची इमारत उभारली आणि १९०४ मध्ये वेध सुरू केले. कुलाब्याची मापं लगेच बंद केली नाहीत. दोन्हीकडची नोंद दोन वर्षं सोबत ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे जोडता यावेत. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. तेव्हा मूस यांची उपकरणं समुद्रापलीकडे निवांत बसली होती. अलिबागची मालिका आजही चालू आहे. एका शतकाहून लांब.

हैदराबादेत हीच गोष्ट पुन्हा घडली. हबसीगुड्याच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या आवारात १९६४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. भोवती शहर वाढलं, आणि २०१७ मध्ये मेट्रो थेट दारावरून धावू लागली. निळ्या मार्गावरच्या तिथल्या स्थानकाचं नावही एनजीआरआयच आहे. शास्त्रज्ञांनी विजयवाड्याच्या रस्त्यावर चौटुप्पलला दुसरी वेधशाळा उभी केली, शहराच्या विजेपासून दूर. आपल्याकडे खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या नारायणगावच्या परिसरात विखुरल्या आहेत, त्याही मुंबई-पुण्याचा रेडिओ-गोंगाट चुकवूनच.

मूस यांना तीसेक किलोमीटर लागले. आम्हाला तेरा सेंटिमीटर पुरणार होते. तारेपासूनचं अंतर दुप्पट केलं की एकट्या तारेचं क्षेत्र निम्मं होतं. पण जाणारी आणि येणारी अशा दोन तारा एकमेकींना पीळ घालून ठेवल्या, तर एकीचं क्षेत्र दुसरी खोडते आणि उरलेलं फार झपाट्याने विरतं. पोराने बॅटरीच्या लाल आणि काळ्या तारा चौकटीच्या दोन कडांनी नेल्या होत्या. दिसायला नीटनेटकं, पण मधे एक मोठं वेटोळं झालेलं, म्हणजे चक्क विद्युतचुंबक. अण्णांनी आधी त्या सोडवल्या, जास्तीची लांबी कापली, आणि वेणी घालतात तशा पिळून पुन्हा जोडल्या. डाग देताना त्यांचा हात थरथरत होता. टोक टेकल्यावर मात्र नाही.

अण्णांचं कडं

दुसरा दोष वेगळाच. कॅमेरा बंद असताना जीपीएसला पंधरा उपग्रह दिसत. कॅमेरा लावला की आठ. पोराने यावर आधी स्वतः एक उपाय करून पाहिला होता. पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद मावशीच्या स्वयंपाकघरातून आणून त्याने सगळ्याला गुंडाळला, उत्साहाच्या भरात जीपीएसलाही. उपग्रह शून्य! कानात बोटं घातल्यावर ढोल थांबतो हे खरं, पण मग काहीच ऐकू येत नाही. शिवाय झाकण सर्किटच्या ग्राउंडला जोडलं नाही, तर ते स्वतःच अँटेना होऊन बसतं.

झाकायचं तर आधी काय झाकायचं ते शोधायला हवं. अण्णांनी बारीक कोअॅक्स केबलचा तुकडा घेऊन अंगठीएवढं कडं केलं. टोकाला आतली तार बाहेरच्या जाळीला जोडली आणि जाळीत एक बारीक फट ठेवली. दुसरं टोक टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या यूएसबी डोंगलला. असला डोंगल आणि फुकटचं सॉफ्टवेअर यांवर १७०० मेगाहर्ट्झपर्यंतचं आकाश पडद्यावर दिसतं. मी विद्यार्थी असताना याच कामाचं यंत्र प्रयोगशाळेत एकच होतं आणि त्याला हात लावायला सरांची सही लागायची.

अण्णा वैद्याने नाडी बघावी तसं ते कडं ड्रोनवरून फिरवत होते आणि पोरगा पडदा वाचत होता. मोटारीच्या तारा: काही खास नाही. रिसीव्हर: शांत. कन्व्हर्टर: पडद्यावर गवत उभं राहिलं. कन्व्हर्टर सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो. खरं तर त्याची गडबड तेवढ्याच वारंवारतेवर राहायला हवी. पण चालू-बंद होण्याची धार जितकी तीक्ष्ण, तितके तिचे पडसाद वर चढतात. अंगणात लाकूड फोडताना ठोका एकच असतो, पण खिडकीची तावदानं वाजतात आणि मांडणीवरची पेलीही. मग कडं कॅमेऱ्याच्या चपट्या केबलवर आलं आणि जीपीएसच्याच गल्लीत, पंधराशेच्या पुढे, एक टेकडी उठली.

"सापडला," अण्णा म्हणाले. "हा चोर. तो नुसता साथीदार."

चपटी केबल अर्धी केली. तिच्यावर तांब्याची पट्टी गुंडाळली आणि पट्टीचं एक टोक कॅमेऱ्याच्या ग्राउंडला डाग देऊन जोडलं. कन्व्हर्टरच्या दोन्ही तारा फेराइटच्या कड्यातून चार-चार वेढे घेऊन नेल्या. फेराइट उच्च वारंवारतेची वीज गिळून तिची उष्णता करतं, सरळ वाहणाऱ्या विजेला वाट देतं. कॅमेरा पुढे होता तो पुढेच राहिला, जीपीएस मात्र मागच्या टोकाला गेला. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, केबल टायच्या आधाराने बाहेर काढल्या. त्यांची शेवटची तीन सेंटिमीटरं तेवढी ऐकणारी असतात. आधी तीच चौकटीखाली दुमडलेली होती. उपग्रह आठाचे तेरा झाले. कॅमेरा चालू असताना पंधरा काही होईनात, आणि अण्णांनी आग्रह धरला नाही.

८६५ ते ८६८

एक गोष्ट पिळून किंवा झाकून सुटत नाही. अनेक पोरं लांब पल्ल्यासाठी परदेशी संकेतस्थळांवरून ९१५ मेगाहर्ट्झचे संच मागवतात. अमेरिकेत तो पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. तिथे आपण गोंगाट सोसत नाही, करतो. भारतात परवान्याविना मोकळे पट्टे म्हणजे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि २०१८ पासून ५.८ गिगाहर्ट्झचा मोठा भाग, सगळे शक्तीच्या मर्यादेत. आता बऱ्याच संचांत भारताचा पर्याय निवडता येतो, तो पहिल्याच दिवशी निवडावा.

आणि उडवायची जागा. बेगमपेट, हकीमपेट, दुंडिगल, शमशाबाद, चार ठिकाणी धावपट्ट्या. शहराचा बराच भाग 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर लाल किंवा पिवळा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत मोकळीक आहे, विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशेपर्यंत. म्हणून तर चेवेल्ला. आमचा ड्रोन दोन किलोच्या आतला. छंदासाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणीचा क्रमांक ड्रोनच्या हातावर चिकटवलेला होता. त्याच रस्त्याने पुढे विकाराबादला सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोनने औषधं पोचवण्याचे प्रयोग सुरू झाले होते. औषध घेऊन निघालेल्या ड्रोनने फुगडी घातली तर काय, हा विचार माझ्या मनात आला. पोराच्याही आला असावा, पण दोघेही बोललो नाही.

कामटी

राहिला मास्ट. जीपीएस आणि होकायंत्राची डबी वर उचलायला काठी हवी. पोराने मोडक्या छत्रीची दांडी आणली, मापाला अगदी बरोबर. अण्णांनी खिशातून लोहचुंबक काढून दांडीजवळ नेलं. टक्! दांडी पोलादी. होकायंत्र पोलादावर बसवणं म्हणजे चोरालाच किल्ल्या देणं. डबीचे चारही स्क्रूही चुंबकाला चिकटले. ते काढून नायलॉनचे लावले.

मावशींनी माळ्यावरून गेल्या दिवाळीचा मोडका आकाशकंदील खाली काढला आणि त्यातली बांबूची कामटी ओढून दिली. धातू नाही, चुंबकाला दाद देत नाही, वजनाला काहीच नाही. तासून, तेरा सेंटिमीटर ठेवून, तिला बुंध्याशी दोरा गुंडाळून फेविक्विक लावलं. दोऱ्यावरचा तो गोंद सुकून दगडासारखा होतो, हे पतंगवाल्यांच्या शहरात सांगायला नको.

गच्चीवर पुन्हा उलटे पंखे, पुन्हा चिकटपट्टी. साड्या यावेळी आधीच काढून ठेवल्या होत्या. थ्रॉटल वर गेला, विजेची रेघ चढली. दुसरी रेघ तळाशीच लोळत राहिली. निकाल १४ टक्के.

दुसऱ्या सकाळी चेवेल्लाच्या माळावर ड्रोन दहा मीटरवर गेला आणि खिळ्याला टांगल्यासारखा राहिला. कामटीमुळे तो जुन्या खोक्यात आता मावत नाही, एवढीच तक्रार. परत आल्यावर पोराने जीपीएससाठी घेतलेल्या अडीच हजारांतून गुजराती गल्लीचे तीनशे दहा वजा करून बाकीचे मावशींच्या हातावर ठेवले. मावशींनी ते मोजून घेतले.